कडू पाण्याची माणसं

हे लिहिण्याआधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण माझं नाव नको आणि आजीचं तर नकोच. आजी आता नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्या घरात घेत नाहीत. त्यामुळे पुढे सगळीकडे ‘ती’ आणि ‘आजी’ एवढंच येईल.

आमची पहिली भेट ॲरिझोनात लुकाचुकाईजवळ एका पवनचक्कीच्या विहिरीवर झाली. २०१६ चा जून. मी फ्लॅगस्टाफला नॉर्दर्न ॲरिझोना युनिव्हर्सिटीत पाण्याच्या विषयात मास्टर्स करत होतो. नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन लोकांचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश. तिथल्या विहिरींच्या पाण्यात युरेनियम आणि आर्सेनिक किती आहे ते तपासायचं आमच्या गटाचं काम होतं. १९४४ ते १९८६ या काळात त्या भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमचं खनिज उपसलं गेलं आणि पाचशेवर खाणी तशाच उघड्या टाकून लोक निघून गेले. तिचे आजोबा त्यातल्याच एका खाणीत होते, फुप्फुसाच्या आजारानं गेले. ती त्साईलीच्या डिने कॉलेजात शिकलेली आणि भाषा येणारी म्हणून आमच्या गटात आलेली. डिने हे त्या लोकांचं स्वतःचं नाव. नवाहो हे बाहेरच्यांनी दिलेलं.

विहिरीपाशी एक म्हातारा घोड्यांना पाणी पाजत होता. मी नमुन्याची बाटली काढायला लागलो तर तिनं मला थांबवलं. पुढे जाऊन त्याच्या हाताला हात नुसता टेकवला, आपण दाबतो तसा दाबला नाही, आणि आपली चार कुळं सांगितली. आधी आईचं, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. आईकडून ती ‘तोदिचीनी’, म्हणजे कडू पाण्याची माणसं. त्यानं त्याची चार सांगितली. कुळाच्या हिशेबानं तो तिचा आजा निघाला, आणि दोघं एकदम सैलावले. मग त्यानं माझ्याकडे ओठ काढून खूण केली. तिकडे माणसाकडे बोट दाखवत नाहीत.

‘हा कुणाचा?’

मी म्हणालो, इंडियाचा. तिनं ते त्याला सांगितलं. तो काहीतरी बोलला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ते गाव झालं. तो विचारतोय, तू कुणाचा?’

मला उत्तर देता आलं नाही.

प्रेम कसं जमलं ते फार लांबवत नाही. त्या रस्त्यांवर एका विहिरीपासून दुसरीपर्यंत दीड-दोन तास सहज जातात, आणि गाडीत दोनच माणसं असली की बोलणं होतंच. तिच्या आजीकडे नळ नव्हता. दर आठवड्याला पिकपमध्ये पिंपं टाकून पाणी आणायचं. मी माण तालुक्यातला. टँकर येणार म्हणून पहाटेच रांगेत हंडे लावून ठेवणारी आई बघत वाढलो. हे तिला सांगितलं त्या दिवशी तिनं पहिल्यांदा माझ्या घराबद्दल विचारलं. त्याआधी मी तिच्या लेखी फ्लॅगस्टाफहून येणाऱ्या संशोधकांपैकी एक होतो. नमुने घेतात, निघून जातात, आणि पाण्यात काय सापडलं ते सांगायला परत येत नाहीत. आम्ही मात्र त्या हिवाळ्यात आकडे घेऊन प्रत्येक विहिरीवर परत गेलो. तो तिचा हट्ट होता, आणि मला ती आवडायला लागली ती तिथे.

पुढे पाऊल टाकायला मात्र तिनंच वेळ घेतला. मला वाटलं होतं, प्रश्न देवाधर्माचा असेल. तिची अडचण वेगळीच होती. नवाहो नेशनची सदस्य म्हणून नाव नोंदवायचं तर अंगात किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त असावं लागतं, असा नियम आहे. एका संध्याकाळी तिनं कागदावर मांडून दाखवलं. आपली मुलं अर्धी. त्यांनी बाहेरच लग्नं केली तर नातवंडं पाव. त्यांच्यापुढची पिढी कागदावर नवाहोच नाही. ‘आजी म्हणते मूल आईच्या कुळाचं, त्यात पाव-अर्धा असं काही नसतं. ऑफिस म्हणतं अपूर्णांक. मी कुणाचं ऐकू?’ ती रडत नव्हती, रागावलेली होती. १८६४ मध्ये तिच्या लोकांना बंदुकीच्या धाकानं शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला नेलं. चार वर्षं तिथे कोंडलं, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि १८६८ चा तह करून उरलेली परत आली. एवढं सोसून टिकलेल्यांचा धागा आपल्या हातून तुटू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणालो की मुलं आईच्या कुळाची होतील, तिची भाषा बोलतील, आणि त्यासाठी आपण इथेच राहू.

‘इथेच राहू’ म्हणजे काय, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. त्यांच्यात नवरा बायकोच्या माणसांत राहायला जातो. मेंढरं बायकोची, घर बायकोचं. आपल्याकडे घरजावई हा शब्द शिवीसारखा वापरतात, तिकडे जावई म्हटलं की तो घरजावईच. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुझे वडील असते तर हे ऐकून घेतलं नसतं.’ नातेवाइकांत तर काय काय बोललं गेलं. आदिवासी पोरगी केली म्हणे. जात कुठली, खातात काय. ज्या लोकांना मुंबईची सून चालते, गोरी अमेरिकन सून केली तर पेढे वाटावेसे वाटतात, त्यांनाच ही चालत नव्हती. याचं कारण मला ठाऊक आहे आणि त्याची मला अजून लाज वाटते.

तिच्या घरात विरोध होता तो आईचा. बाहेरून ‘नवाहो धर्म’ असं एक काहीतरी वाटतं, पण एकाच अंगणात तीन वाटा नांदतात. आजी जुन्या चालीची, पहाटे उठून पूर्वेला तोंड करून मक्याचे पराग वाहणारी. मामा नेटिव्ह अमेरिकन चर्चचा, म्हणजे रात्रभर शेकोटीभोवती बसून पेयोटे नावाचं निवडुंग खाऊन प्रार्थना करणाऱ्यांपैकी. आणि आई पेंटेकोस्टल ख्रिश्चन, उन्हाळ्यात तंबूतल्या सभांना जाणारी. होगनमधले, म्हणजे त्यांच्या जुन्या पद्धतीच्या घरातले, विधी तिनं तरुणपणीच सोडले होते. मुलगी मूर्तिपूजकाशी लग्न करते, तेही होगनमध्ये, याचा तिला दुहेरी घाव होता. ‘तू कुणाची प्रार्थना करतोस?’ असं तिनं मला सरळ विचारलं. मी खंडोबाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन,’ आणि उठून गेली. तिच्या स्वरात कडवटपणा नव्हता. तिला खरोखर भीती वाटत होती.

आजीची परवानगी हा सगळ्यात मोठा टप्पा होता. २०१७ च्या जुलैत तिनं मला घरी नेलं. होगन म्हणजे लाकडी ओंडक्यांचं, मातीनं लिंपलेल्या छपराचं गोलसर घर. दार पूर्वेला, मध्ये चूल, आत शिरल्यावर डावीकडून, सूर्य फिरतो तसं फिरून जायचं. ही दिशा मला कुणी सांगावी लागली नाही, देवळात आपण असेच फिरतो. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढची. इंग्रजी तिला येत नव्हतं. तिनं तोच प्रश्न विचारला. या वेळी मी तयारी करून गेलो होतो. आईला फोन करून आमचं देवक विचारून घेतलं होतं. देवक म्हटलं की मला लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बांधायची डहाळी एवढंच माहीत होतं. आईनं सांगितलं, आपलं देवक कळंब, आणि कळंबवाल्यांशी आपली सोयरीक होत नाही.

मी आजीला म्हणालो, आम्ही कळंबाच्या झाडाचे. त्या झाडाच्या माणसांत आम्हाला लग्न करता येत नाही.

आजीनं मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग नातीला काहीतरी म्हणाली. ‘आजी म्हणते, मग तुम्ही माणसं आहात.’ मला ते आधी विचित्र वाटलं. नंतर उमगलं की तिच्या हिशेबात नातं सांगता न येणारा माणूस मोकाट असतो, कसाही वागू शकतो. नात्याला ते ‘के’ म्हणतात. ज्याला ‘के’ आहे तो जबाबदार.

त्या दिवशी बाहेर मेंढरं होती, लांब लोकरीची चुरो जातीची. ती बघून मला बानूची गोष्ट आठवली. खंडोबा म्हाळसेशी सारीपाटाचा डाव हरून बाहेर पडतो, म्हाताऱ्याचा वेश घेऊन बानूच्या बापाकडे मेंढरं राखायला राहतो, आणि धनगराची बानू करतो. आमच्या घरचं कुलदैवत पालीचा खंडोबा. तिथे दर पौषात त्याचं म्हाळसेशी लग्न लागतं, पण लहानपणापासून मला ओढ बानूच्या गोष्टीची. ती मी सांगायला लागलो तर आजीनं हात वर केला. ही गोष्ट हिवाळ्याची आहे का, तिनं विचारलं. त्यांच्याकडे देवादिकांच्या गोष्टी पहिलं हिम पडल्यापासून पहिला ढग गडगडेपर्यंतच सांगतात. साप, अस्वल झोपलेले असतात तेव्हाच. मला माहीत नाही म्हणालो, तर ती म्हणाली, मग थांब.

डिसेंबरात परत गेलो तेव्हा बाहेर हातभर बर्फ होतं. आजीनंच आठवण केली, तो मेंढरं राखणारा देव काय झालं त्याचं? नात भाषांतर करत होती, मी सांगत होतो, आणि चुलीवर कॉफी. देव सासऱ्याच्या घरी चाकरीला राहिला या ठिकाणी आजी मोठ्यानं हसली. १९३० च्या दशकात सरकारनं ‘चराई जास्त झाली’ म्हणून त्यांची मेंढरं हजारोंनी मारून टाकली होती. आजीच्या आईची त्यातच गेली. ती सगळी हकिगत आजीनं त्या रात्री सांगितली, आणि मग म्हणाली, मेंढरं राखणाऱ्या देवाच्या घरचा असशील तर ये.

बानूची हीच गोष्ट मी आठवडाभरानं आईला फोनवर ऐकवली. आई म्हणाली, ‘मला शिकवतोस होय खंडोबा?’ पण त्यानंतर जातीचा शब्द तिनं काढला नाही.

लग्न ठरलं २०१९ च्या ऑक्टोबरात. आता अडचण एकच होती, सासूबाई. होगनमध्ये येणार नाही म्हणाल्या. आईवाचून लग्न करायचं तिच्या जिवावर आलं होतं. जाऊ दे, कोर्टात सही करू, इथवर आलो होतो. तोड आजीनं काढली, आणि तीही जुन्या रीतीतूनच. त्यांच्यात जावयानं सासूचं तोंड पाहायचं नसतं. सासूला जो शब्द आहे त्याचा अर्थच ‘जिला पाहत नाहीत ती’. पाहिलं तर दृष्टी जाते म्हणतात. हल्ली बरीच घरं हे पाळत नाहीत. आजी म्हणाली, या लग्नात पाळायचं. म्हणजे सासूबाईंनी होगनमध्ये न येणं हा रुसवा ठरला नाही, रीत ठरली. बाहेर फांद्यांच्या मांडवाखाली शंभरेक माणसांचा स्वयंपाक त्यांनी हाती घेतला. त्यांचं देवाशीचं वचन राहिलं आणि लेकीचं लग्नही. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईची ही युक्ती आठवली की मला अजून भरून येतं.

आई एकटी मुंबईहून फिनिक्सला आली. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. सुनेला ठुशी, हिरवा चुडा, आणि एका पुडीत पालीचा भंडारा.

आदल्या रात्री मी आईला शोधत मांडवाकडे गेलो आणि रीत आठवून लांबच थांबलो. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. आई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलेली. समोर निळ्या मक्याचं पीठ. सासूबाई जुनिपरच्या झाडाच्या हिरव्या डहाळ्या जाळून त्यांची राख चाळत होत्या, ती मुठीनं पिठात घालत होत्या. राखेनं पिठाचा रंग खुलतो आणि हाडांना लागणारं कॅल्शियमही मिळतं. आईनं चिमूटभर राख जिभेवर ठेवून पाहिली. मग ते पीठ गरम पाण्यात मळून तिनं हातावर भाकरी थापली, ज्वारीची थापते तशी. कडा फाटल्या. पुन्हा थापली. सासूबाईंनी ती तव्यावरून उचलून तोडून खाल्ली आणि दुसरी थाप अशी खूण केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता.

लग्न संध्याकाळी. वरानं खोगीर घेऊन आत यायचं, ते मी मामाकडून मागून आणलं होतं. पश्चिमेच्या बाजूला, दाराकडे तोंड करून बसलो. ती मक्याच्या लापशीची परडी घेऊन माझ्यामागून आली. ही लग्नाची परडी विणलेली असते. पांढऱ्या-काळ्या नक्षीत मध्ये लाल पट्टा, आणि त्या पट्ट्यातून बाहेर जाणारी एक मोकळी वाट. ती वाट पूर्वेलाच यावी लागते. आधी मी तिच्या हातांवर पाणी घातलं, मग तिनं माझ्या. मग आजीच्या भावानं हरणाच्या कातड्याच्या छोट्या पिशवीतून पराग काढले आणि लापशीवर पूर्व-पश्चिम, मग दक्षिण-उत्तर अशी रेघ ओढून भोवती वर्तुळ केलं. पराग पिवळेधमक. मी आईकडे पाहिलं. तिनं नकळत पदर डोक्यावर घेतला होता, भंडारा उधळताना घेते तसा.

पूर्वेच्या टोकाची चिमूट मी खाल्ली, मग तिनं. मग दक्षिण, पश्चिम, उत्तर आणि शेवटी मध्य. उरलेली परडी नातेवाइकांत फिरली.

त्यानंतर उपदेश. हा नुसता रिवाज नाही, नवाहो नेशनच्या कायद्यात पारंपरिक लग्नासाठी ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यात परडीतली लापशी खाणं आहे आणि जमलेल्यांनी सुखी संसाराचा उपदेश करणंही आहे. जवळजवळ तीन तास माणसं उठून बोलत होती. एक मावशी म्हणाली, भांडण झालं तर रात्री गाडी काढून जाऊ नका, रस्त्यावर गाई उभ्या असतात. शेवटी माझ्या आईला बोलायला सांगितलं. ती मराठीत बोलली, मी इंग्रजीत केलं, हिनं नवाहोत. आई म्हणाली, ‘माझा मुलगा मी तुमच्या घरी दिला. त्याला पाणी वाहता येतं.’ आजीच्या तोंडून मग पहिल्यांदा ‘शादानी’ आलं, म्हणजे माझा जावई.

परडी रीतीप्रमाणे वराच्या आईकडे जाते. आई ती मांडीवर घेऊन विमानात बसली.

सात महिन्यांनी, २०२० च्या मे महिन्यात, आजी गेली. त्या दिवसांत नवाहो नेशनमध्ये लोकसंख्येच्या मानानं कोरोनाची लागण न्यूयॉर्क राज्यापेक्षाही जास्त झाली होती. शनिवार-रविवार धरून ५७ तासांची संचारबंदी असायची. दवाखान्यात कुणालाच जाऊ दिलं नाही. सगळ्या विधींत, देवांत, जेवणात आमचे मतभेद निभावले होते, पण या दुःखात मात्र आम्ही दोघं अगदी वेगळे पडलो. चार दिवसांनंतर त्या घरात आजीचं नाव थांबलं. तिच्या वस्तू गेल्या. मी आजीचा एक फोटो मोबाइलवर काढलेला होता, तो छापून, हार घालून, समोर दिवा लावावा असं मला वाटत होतं. वडील गेले तेव्हा आम्ही तेच केलं. त्यांचं नाव घेऊन, त्यांच्या आवडीचं रांधून, कावळ्याची वाट बघून रडलो. माझं रडणं नाव घेतल्याशिवाय मोकळं होत नाही. तिच्या समजुतीत नाव घेतलं की गेलेल्याचा पाय अडकतो. मी एकदा बोलण्याच्या ओघात, आजी काय म्हणायची ते सांगताना, तिचं नाव घेतलं आणि ती जागेवरून उठून बाहेर गेली. थंडीत तासभर मेंढरांपाशी उभी होती. फोटो मी छापला नाही. रागही आला होता मला, तिचा आणि त्या रीतीचा. तो कमी व्हायला वर्ष गेलं.

२०२२ च्या डिसेंबरात आम्ही माणला आलो. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला पाळी आली, आणि चुलतीनं देव्हाऱ्याला शिवू नको म्हणून सांगितलं. ती ऐकून गप्प राहिली. रात्री आईला सांगत बसली, मला मध्ये घेऊन. त्यांच्यात मुलगी पहिल्यांदा मोठी होते तेव्हा ‘किनाल्डा’ असतो. चार दिवस मुलगी पहाटे पूर्वेकडे धावते, सगळ्यांसाठी मका दळते, जमिनीत खड्डा करून मोठा पोळा भाजतात, सगळं गणगोत रात्रभर गातं. आई ऐकत होती. मग म्हणाली, तिच्या आईला न्हाण आलं तेव्हा मखरात बसवलं होतं, गाणी म्हटली होती. ‘आमच्या वेळेपर्यंत नुसतं बाजूला बसणं राहिलं.’

त्या घरातली दुसरी गोष्ट तिनं चार दिवस बोलून दाखवली नव्हती. रात्री ती झोपत नव्हती. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘भिंत.’ आईनं लग्नाची परडी बैठकीच्या खोलीत मानानं लावली होती, घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी, वडिलांच्या हार घातलेल्या फोटोच्या अगदी शेजारी. संसाराची परडी आणि गेलेला माणूस, एका खिळ्याच्या अंतरावर.

आईला हे कसं सांगायचं, मला कळेना. वडिलांचा फोटो हलवा म्हणणं माझ्यानं झालं नसतं, आणि तिनं तसं म्हटलंही नव्हतं. मी जमेल तसं सांगितलं. आई ऐकून काही बोलली नाही, आत गेली.

सकाळी उठलो तर स्टुलावर उभी राहून ती परडी समोरच्या भिंतीवर लावत होती. खिळा नवा ठोकलेला, भिंतीचा पोपडा खाली पडलेला. सून दारात आली तशी तिनं मान वळवून तिलाच विचारलं, मराठीत, ‘उगवत इकडून होते. ही वाट इकडं केली तर चालेल ना?’